गेट लागलं होतं

"सौ हुए, अप्पाभाई. चाय बोलो."

एकवीस वर्षं झाली हा आवाज बंद होऊन. जात्याच्या घरघरीवर बाईचा गळा तरंगावा तसा तो प्रेसच्या धडधडीवर तरंगत यायचा. इब्राहीम ब्रॅकेट मोजायचा ते तोंडातल्या तोंडात, चाल लावून, आणि शंभरावा नग पेटीत पडला की तेवढ्यापुरता गळा मोकळा सोडायचा. चहा काही दर शंभराला येत नसे. हाक मात्र यायची, आणि अप्पाराव असेल तिथून हात वर करायचा.

आता हात वर केला की खांदा दुखतो. वाळूजच्या त्या कारखान्यात अप्पारावची चौतीस वर्षं डाय सेटर म्हणून गेली होती. प्रेस म्हणजे दीडशे टनांची मूठ. तिच्या खाली पोलादी साचा बसवायचा, त्याला डाय म्हणतात. पत्रा आत सरकवायचा. मूठ खाली येते आणि पत्र्याचा ब्रॅकेट होतो. साचा केसभर तिरका बसला तर शंभर नग भंगारात. तो केस अप्पारावच्या बोटाला कळायचा. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता, आणि साहेबांच्या मनात आलं होतं की जुनी माणसं घरी जायच्या आधी त्यांच्या डोक्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यावं. म्हणून शेवटचे तीन आठवडे त्याला खालच्या शॉपमधून, म्हणजे प्रेसच्या शेडमधून, उचलून वरच्या ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं होतं. खोली गार होती, खुर्ची मऊ होती, आणि तो संध्याकाळी मुकुंदवाडीला बसमधून उतरायचा तेव्हा गुडघ्यांपासून मानेपर्यंत असा शिणलेला असायचा की उभ्यानं चौतीस वर्षं काढली त्यात कधी तसा शिणला नव्हता. बसून सांगायचं काम. आपल्याला ठाऊक आहे ते ठाऊक आहे म्हणून सांगायचं.

समोर अमृता असायची. सिडकोतली मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, बाहेरच्या कंपनीकडून आलेली. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की मॅडम म्हणू नका, आणि पहिल्याच दिवशी हेही सांगितलं की या कॉम्प्युटरला प्रेस म्हणजे काय, हात म्हणजे काय, काहीच कळत नाही. त्याच्या लेखी सगळे शब्द रिकामे. आपण त्याला आधी सांगायचं की या शॉपमध्ये कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत, कोणाचं कोणाशी काय नातं आहे, आणि काय काय एका वेळी असूच शकत नाही. एवढं नीट सांगितलं, की आपण न सांगितलेलंही तो त्यातून काढून दाखवतो. या सगळ्या मांडणीला तिनं ऑन्टॉलॉजी म्हटलं. घरी लक्ष्मीबाईनं विचारलं, दिवसभर काय करता वर बसून, तर अप्पाराव म्हणाला, अंताक्षरीसारखं काहीतरी असतं. लक्ष्मीबाई म्हणाली, मग गाणं म्हणा एखादं, निदान घसा तरी मोकळा होईल.

दुसऱ्या दिवशी शब्दावरून अडलं. अमृता समजावून सांगत होती की प्रत्येक वस्तूची एक जात असते, पॉवर प्रेस ही प्रेसची पोटजात, प्रेस ही यंत्राची पोटजात. अप्पाराव चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "तेवढा शब्द नको, पोरी. आमच्या बापानं लई कष्टानं खोडलाय तो. मी परत कॉम्प्युटरात लिहून ठिवला तर त्यो वरून खाली यील."

ती एकदम लाल झाली, मग हसली. वर्ग म्हणू या का, तिनं विचारलं. वर्ग म्हटलं की त्याला सिल्लोडची शाळा आणि मास्तरची छडी आठवायची. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की घर म्हणायचं. यंत्रांचं मोठं घर, त्यात प्रेसचं घर, त्यात पॉवर प्रेसची खोली. आणि तीन नंबरची प्रेस, जिच्यावर अप्पारावची निम्मी जवानी गेली, ती त्या खोलीत राहणारी. खोलीत राहतं ते घरात राहतंच. घरात राहणारं मात्र सगळं त्या खोलीत असेल असं नाही. प्रत्येक डाय सेटर कामगार असतो, पण प्रत्येक कामगार काही डाय सेटर नसतो. हे उलटं वाचायची चूक सगळ्यांच्याच हातून होते, अमृता म्हणाली, शिकलेल्यांच्या जास्त.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती त्याला फार विचित्र वाटली. एक वस्तू दोन घरांत राहू शकते. माणूस बाप असतो आणि कामगारही असतो. तुम्ही होऊन लिहिलं नाही की या दोन घरांत भिंत आहे, तोवर कॉम्प्युटर भिंत धरत नाही. पुरुष कोण, यंत्र कोण, हे सगळं लिहिलं, पण पुरुष म्हणजे यंत्र नव्हे हे लिहिलं नाही, तर त्याच्या मते एखादा पुरुष यंत्रही असू शकेल.

"ते बरुबरच हाय त्याचं," अप्पाराव म्हणाला. "तिसरी पाळी करून बघ एकदा."

या तर्क काढणाऱ्या भागाला अप्पारावनं वकील नाव ठेवलं. अशील सांगेल तेवढंच खरं धरायचं, आणि त्यातून जे निघेल ते तोंडावर सांगायचं, मग अशिलाला आवडो न आवडो. पण कोर्टातल्या वकिलापेक्षा हा एका बाबतीत निराळा होता. कागदावर नाही ते घडलंच नाही, असं हा मानत नसे. अमृतानं तीन नंबरच्या प्रेसवर मागच्या वर्षी अपघात झाला का असं त्याला विचारून दाखवलं. काही लिहिलेलं नव्हतं. वकील 'नाही' म्हणाला नाही. 'माहीत नाही' म्हणाला.

अप्पाराव त्या पडद्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांत त्यानं या इमारतीत असं बोलणारं कोणी पाहिलं नव्हतं. इथं रजिस्टरात नाही ते झालं नाही, आणि झालं ते रजिस्टरात आहे तसंच झालं.

दुसऱ्या आठवड्यात ते सुरक्षेच्या भागावर आले. प्रेसच्या तोंडाशी एक जाळीचं गेट असतं. ते खाली ओढलं की चौकटीवरचा एक स्विच दाबला जातो, वर हिरवा दिवा लागतो, आणि मगच पायाखालचं पेडल काम करतं. गेट वर असेल तर पेडलवर नाचलं तरी प्रेस हलत नाही. अमृता लिहीत होती आणि लिहिता लिहिता तिची बोटं थांबली. शॉपमधली माणसं 'गेट लागलं' म्हणतात ते नक्की कशाला, तिनं विचारलं. जाळी खाली आली त्याला, का दिवा लागला त्याला?

खरं तर दोन्हीला. गजर झाला, पाळी बदलली, की माणूस मान वर करून हिरवा दिवा बघायचा आणि म्हणायचा, गेट लागलं. जाळी कोणी बघत नसे. दिवा लागला म्हणजे गेट लागलं. आपल्या भाषेत लागतं तरी काय काय. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, दिवा लागतो, हात लागतो, डोळा लागतो. एक शब्द आणि त्याच्या पदरी इतकी लेकरं, आई कोणाकोणाला ओळखणार.

"काका, दोन्ही एकच धरू ना?" अमृतानं विचारलं.

"एकच," अप्पाराव म्हणाला. म्हणताना त्यानं खिडकीकडे बघितलं. खिडकीतून वाळूजचं ते पांढरं ऊन दिसत होतं, आणि उन्हात उभी असलेली पाळीची बस.

तिनं बरोबरीचं चिन्ह टाकलं. स्विच दाबलेला असणं म्हणजेच गेट लागलेलं असणं. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मग दुसरं वाक्य, गेट लागलेलं असेल तरच प्रेस चालते. मग भिंत, उघडं गेट आणि लागलेलं गेट या दोन घरांत भिंत, कोणीही एका वेळी दोन्हीकडे राहणार नाही.

शनिवारी सकाळी ती खुशीत होती. मांडणी पुरी होत आली होती; आता खरी उदाहरणं घालून वकिलाची परीक्षा घ्यायची. रेकॉर्ड रूममधून तिनं जुन्या अपघातांच्या फायली आणवल्या होत्या, सात-आठ. एकेक अपघात ती टाकत गेली आणि वकील बरोबर बोलत गेला. इथं साखळी तुटली, इथं तेल सांडलं, इथं बूट नव्हते. पाचवी फाइल पिवळी पडलेली होती, कोपऱ्याला वाळवी लागलेली. तिनं ती टाकली आणि वकील गप्प झाला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. अमृतानं सांगितलं की मांडणीत विसंगती निघालीय. दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडताहेत. आणि अशी एकसुद्धा गाठ आत राहिली ना, काका, तर त्यातून काहीही सिद्ध करता येतं. तीन नंबरची प्रेस म्हणजे नानरोटी, हेही सिद्ध करता येतं. म्हणून तो आता कशालाच उत्तर देत नाही; एक गाठ सुटेपर्यंत सगळं ठप्प.

गाठ कुठं आहे ते मात्र तो दाखवत होता. चार वाक्यं त्यानं काढून समोर ठेवली होती. अमृतानं ती मोठ्यानं वाचली. चार जूनला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरची प्रेस चालली. गेट लागलेलं असेल तरच प्रेस चालते. उघडं गेट आणि लागलेलं गेट एकत्र नांदत नाहीत. आणि चौथं, जखमी कामगाराचा दवाखान्यात घेतलेला जबाब, मी गेट वर उचललं होतं. कामगाराचं नाव इब्राहीम.

"तुम्ही होता का तेव्हा इथं?" तिनं विचारलं, मग फाइल उलटून तिनंच सांगितलं की होता, सेटर म्हणून तुमची सही आहे.

अप्पारावनं पाणी मागितलं. ती आपल्याच नादात बोलत राहिली. प्रेस चालली, हे तर झालंच, माणसाची तीन बोटं गेली. गेटशिवाय प्रेस चालत नाही, हे चौकशीत तीनदा तपासलेलं आहे. भिंत तर काढताच येत नाही. मग चारांतलं राहिलं एकच. बिचारा गुंगीत असेल, काय बोलला त्याला कळलं नसेल. शेवटी चौकशीतही 'निष्काळजीपणा, बाजूच्या फटीतून हात घातला' असंच आलंय. तेवढा जबाब काढून टाकला की सगळं सुरळीत. फक्त जुनं वाक्य काढायचं तर जाणकाराची सही लागते, ती तुमची. सोमवारी हे सगळं आपल्या दुसऱ्या दोन कारखान्यांनाही जाणार आहे.

तिनं कागद पुढे सरकवला. त्यावर एक ओळ आणि खाली रिकामी जागा.

त्या चार जूनला नवी डाय बसली होती. नवी डाय बसली की चाचणीचे दोन-चार ठोके गेट वर ठेवूनच मारावे लागत. जाळीतून पत्रा कुठं घासतो ते दिसत नसे. म्हणून अप्पाराव तांब्याच्या तारेनं स्विच दाबून बांधायचा. सगळेच सेटर बांधायचे. काम झालं की तार सोडायची, एवढंच. त्या दिवशी चाचणी झाली, तीनचा भोंगा झाला, हात तेलानं माखले होते, नळावर रांग लागेल म्हणून तो आधी हात धुवायला गेला. तार राहिली. इब्राहीम त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता, तो आला. पहिलाच नग डायमध्ये अडकला. त्यानं शिकवल्याप्रमाणे गेट वर उचललं आणि नग काढायला हात घातला. पाय पेडलवर होता, रोज असायचा.

सगळ्यांच्या आधी अप्पाराव धावला. चौघांनी इब्राहीमला उचललं तेव्हा अप्पारावची बोटं चौकटीवर होती. त्याच्या बोटांनी ते केलं. त्याला विचारलं नाही, पण त्यानं अडवलंही नाही. तार सुटली, खिशात गेली. चौकशीवाल्यांनी गेट वर करून पेडल दाबलं, प्रेस हलली नाही. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, हलली नाही. मग त्यांनी हिशेब लावला, गेट लागल्याशिवाय प्रेस चालत नाही, प्रेस चालली, म्हणजे गेट लागलं होतं. हिशेबात कुठं चूक नव्हती. सेटरला विचारलं, गेट लागलं होतं का? तो म्हणाला, लागलं होतं.

दिवा लागलाच होता. एकवीस वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं. शॉपचा शब्द शॉपच्या अर्थानं वापरला, खोटं असं काही बोललो नाही. या एका शब्दाच्या आडोशाला तो इतकी वर्षं बसला होता, आणि बसून बसून शिणला होता.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला हात उशीवर ठेवून इब्राहीमनं त्याला एकदाच विचारलं होतं. "मैं गेट उठाया था, अप्पाभाई. उठाया था ना?" अप्पाराव म्हणाला, आराम कर.

पुन्हा त्यानं विचारलं नाही. सगळे शहाणे, शिकलेले लोक सांगत होते की लागल्याशिवाय चालत नाही. इब्राहीमनं मान्य केलं. पण ज्याला आपल्या हातांनी गेट उचललेलं आठवतं आणि जग सांगतं की तू उचललंच नाहीस, त्या माणसाचं पुढं काय होतं, ते अप्पाराव दर ईदला जाऊन बघत आला होता. इब्राहीम गॅस बंद केला का म्हणून चारदा उठायचा. नमाज पढून आल्यावर नजमाला, आपल्या बायकोला, विचारायचा की मी पढलो ना. चौदा एप्रिलला नान घेऊन मुकुंदवाडीला यायचा आणि दारातच सांगायचा, मोजून घे अप्पाभाई, मी मोजलेत पण माझ्या मोजण्याचा भरवसा नाही. शंभरापर्यंत चालीवर मोजणारा माणूस. नजमा एकदा लक्ष्मीबाईला म्हणाली होती, बोटांचं काही नाही वाटत, बहन. यांचा यांच्यावरचा इमान गेला.

अप्पारावनं कागद हातात घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"पोरी, ते बरुबरीचं चिन्ह काढून बघ," तो म्हणाला. "स्विच दबला हे एक घर. गेट लागलं हे दुसरं. आम्ही एका शब्दात बोलतो म्हणून ते एक होत नाय."

अमृतानं त्याच्याकडे बघितलं. तुम्हीच एकच म्हणालात, असं ती म्हणाली नाही. तिनं चिन्ह काढलं. गेट लागलं की स्विच दबतो, एवढं एका बाजूनं ठेवलं, उलट वाट पुसून टाकली. प्रेस चालायला स्विच दबलेला लागतो, असं दुरुस्त केलं. मग बटण दाबलं.

लाल अक्षरं गेली. वकील बोलायला लागला. इब्राहीमचा जबाब तसाच होता, प्रेस चाललेली होती, भिंत जागेवर होती, आणि कोणी कोणाला खोटं पाडत नव्हतं. चारही वाक्यं एका छपराखाली नांदत होती. अमृता खुर्चीत मागे टेकली. मग पुढे वाकून तिनं खाली आलेली एक नवी ओळ वाचली. ही आपण लिहिलेली नाही, ती म्हणाली, ही त्यानं काढलीय. आपण पहिल्या आठवड्यात एक नियम घातला होता, दाबलेल्या प्रत्येक स्विचला दाबणारं काहीतरी असतं. गेट, किंवा कोणीतरी लावलेलं दुसरं काही. इथं गेट वर होतं. म्हणून तो म्हणतोय की दुसरं काहीतरी होतं, आणि ते कोणीतरी लावलेलं होतं.

"कोण, ते?" अप्पारावनं विचारलं.

"नाव नाही सांगत. नाव त्याला माहीत नाही. पण आहे म्हणतो. कोणीतरी आहेच."

खाली शॉपमध्ये प्रेस पडत होत्या. त्यांचा हादरा टेबलावरच्या पाण्याला येत होता. असं झालं असेल का, काका, तिनं हळूच विचारलं. तिच्या आवाजात आता फक्त काम नव्हतं. अप्पारावनं चष्मा घडी करून खिशात ठेवला. सोमवारी सांगतो, म्हणाला. तवर कुणाचं कायबी खोडू नको. तुझ्या आधी ऐकायला एक माणूस रांगेत उभा हाय.

त्या संध्याकाळी बसमध्ये त्याला जागा मिळाली आणि तरी तो उभा राहिला. घरी लक्ष्मीबाई दारात बसून शेंगा सोलत होती, आणि सोलता सोलता तिच्या माहेरची चाल घोळवत होती, शब्द तिचे तिनंच जुळवलेले:

पाच बोटं हाताची, भावंडं ती पाठची
एक गेलं निघूनिया, गाठ सुटे मुठीची

हे कुठून आलं, त्यानं विचारलं. ती म्हणाली, कुठून यायचंय, हाताकडं बघितलं की येतं. तो तिच्याशेजारी बसला आणि शेंगा सोलू लागला. सांगावं असं दोनदा वाटलं. पण तिला आधी सांगितलं तर ती म्हणेल, जा, आणि मग ते तिच्या सांगण्यानं गेल्यासारखं होईल. त्यानं सांगितलं नाही. सूप भरलं तशी ती म्हणाली, तुमचं ध्यान नाही, टरफलं सुपात टाकताय आणि दाणे अंगणात.

रविवारी सकाळी तो शहागंजला उतरला. मागच्या गल्लीत इब्राहीमच्या मेहुण्याची नानची भट्टी होती. इब्राहीम तिथं सकाळी बसायचा. भट्टीतून निघालेल्या नानांवर गुळाचं आणि हळदीचं पाणी फिरवायचं काम त्याचं. डाव्या हातात फडकं, उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्या चिमट्यात नान. त्या दोन बोटांना आता इतकी सवय झाली होती की नवखा माणूस आधी नान बघायचा, मग हात.

अप्पारावला बघून तो हसला. ना ईद, ना जयंती, आज कशी वाट चुकली, म्हणाला. रिटायर व्हायच्या आधीच पाय फिरायला लागले वाटतं. मग हातातल्या नानकडे बघून थबकला आणि मेहुण्याला विचारलं की याला पाणी लावलं का मी. नान पिवळा होऊन चकाकत होता. मेहुणा न बघताच म्हणाला, लगाया, लगाया. दिवसातून पन्नासदा म्हणायची सवय झालेला आवाज. तरी इब्राहीमनं एकदा आणखी फडकं फिरवलं.

थोडं बाहेर चल, अप्पाराव म्हणाला. भट्टीच्या शेजारी बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर दोघं बसले. ऊन अजून कोवळं होतं. समोरून सायकलवर नानांची टोपली चालली होती. अप्पारावला सुरुवात सापडेना, म्हणून त्यानं कॉम्प्युटरपासून सुरुवात केली. घरं, खोल्या, भिंती. वकील. इब्राहीमला ते आवडलं. माणूस यंत्रही असू शकतो यावर तो बराच वेळ हसला. मग अप्पारावनं सांगितलं की तुझी फाइल निघाली. चार वाक्यं निघाली, त्यांची गाठ पडली, आणि गाठ सोडायला त्यांना एक वाक्य खोडायचंय. तुझं. मी गेट उचललं होतं, ते. सही माझी पाहिजे.

इब्राहीमनं करंगळीनं अंगठ्यावरची वाळलेली हळद खरवडली.

मग म्हणाला, "तो खोड डाल ना. कायकू मेरे वास्ते तेरा काम अटकाता? आखिर के दिनां हैं तेरे." खरवडलेली हळद झटकली. "वो बात मेरेकू भी नक्को अब. इत्ते साल लड्या मैं उसके संगात. दिमाग बोलता उठाया, दुनिया बोलती नहीं उठाया. थक गया, अप्पाभाई. कर दे साइन. मैं बोल रहा हूँ ना, खुशी से."

आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकलेल्या माणसानं ओझं खाली ठेवायला जागा शोधावी तसा तो बघत होता. जागा त्याला चालणार होती, कुठलीही. आता नुसतं बरं म्हणायचं होतं. एक सही, सोमवारी वकील बोलता झाला असता, महिनाअखेरीला हार-नारळ झाला असता, पुढच्या ईदला शीरखुर्मा, आणि हा माणूस मरेपर्यंत नानवर दोनदा पाणी फिरवत राहिला असता.

अप्पारावनं त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. एकवीस वर्षांत त्यानं या हाताला हात लावला नव्हता, मिठी मारायचा, पण हात नाही. तो हात ऊबदार होता, गुळानं चिकट.

"नाय, इब्राहीम. ते वाक्य खरं हाय. गेट तूच उचललं होतंस. स्विच मी तारेनं बांधला होता, आन सोडायचा राह्यला. तुला उचलत होते तवा ती तार मी काढली, खिशात घातली, आन गेट लागलं होतं म्हणून सांगितलं. तुझं ध्यान बरुबर होतं. पहिल्या दिवसापासून बरुबर होतं. खोटा मी होतो."